कॉलेज सांभाळून दुकानात नोकरी : इंदूरमधल्या मुलींसाठी तासांचा, पगाराचा आणि फीचा हिशोब

इंदूरच्या बाजारात मुलीला दुकानात काम मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते त्या कामातून फी निघणं. पगार महिन्याला थोडा थोडा येतो, फी मात्र एकरकमी आणि ठरल्या तारखेला भरावी लागते. मधल्या काळात पैसा घरखर्चात विरघळतो. परीक्षेच्या पंधरवड्यात दुकानात नेमकी गर्दी असते, म्हणून सुट्टी मिळत नाही. वर्ष संपताना फीही भरलेली नाही आणि हजेरीही भरलेली नाही, अशी गत होते. हे टाळायचं तर फीच्या तारखा आणि कामाचे तास नोकरी धरण्याआधीच जुळवून घ्यावे लागतात. पगाराचा आकडा त्यानंतर.

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा भागांत राहून राजवाड्याच्या किंवा भंवरकुआँच्या बाजूला कॉलेज आणि काम दोन्ही करणाऱ्या मुली डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे.

आधी फीच्या तारखा

एका वहीत जुलै ते जून असे बारा महिने मांडा. प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात कॉलेजला काय द्यायचं आहे ते लिहा. प्रवेशाच्या वेळची फी सगळ्यांच्या लक्षात असते. विसरतात ते पुढचे खर्च: परीक्षा फॉर्म आणि उशीर झाल्यास त्यावरची लेट फी, प्रॅक्टिकलची वही आणि साहित्य, प्रोजेक्टची छपाई-बांधणी, पुस्तकं, झेरॉक्स, कॉलेजला जाण्यायेण्याचं भाडं. देवी अहिल्या विश्वविद्यालयाशी संलग्न कॉलेजांतही सरकारी आणि खाजगी कॉलेजच्या फीमध्ये मोठा फरक असतो. त्यामुळे मैत्रिणीच्या आकड्यावर जाऊ नका. आपल्या कॉलेजच्या ऑफिसातून आपल्या वर्षाचा फीचा तक्ता घ्या आणि सीनियर मुलीला विचारा, "तक्त्याबाहेर आणखी काय काय लागलं?"

उदाहरणादाखल आकडे घेऊ. फी २०,०००, परीक्षा फॉर्म २,५००, पुस्तकं आणि झेरॉक्स ३,०००, प्रॅक्टिकल-प्रोजेक्ट १,५००, कॉलेजचं भाडं ४,०००. एकूण ३१,००० रुपये. आता कमाई धरा, पण बारा महिन्यांची नको, दहाच महिन्यांची. परीक्षा, आजारपण, सण-समारंभ यांत दोन महिन्यांची मजुरी जाते असंच समजून चालायचं. महिना ६,००० मिळाले तर दहा महिन्यांचे ६०,०००. त्यातून दुकानाचं जाणंयेणं आणि चहा-नाश्ता महिन्याला १,००० धरला, तर हातात ५०,०००. फीचे ३१,००० गेल्यावर १९,००० उरतात. हे १९,००० म्हणजे घरखर्चासाठी मोकळी झालेली रक्कम नव्हे. पुढच्या वर्षीच्या पहिल्या हप्त्याची ती सोय आहे.

इंजिनीअरिंग, एमबीए अशा लाखांतल्या फीसाठी अर्धवेळ दुकानातला पगार पुरत नाही, हे आधीच मान्य करावं. तिथे शैक्षणिक कर्ज घेऊन शिक्षण चालू असतानाच त्याचं व्याज या पगारातून भरणं शहाणपणाचं. ३ लाखांच्या उचललेल्या कर्जावर १० टक्क्यांनी महिन्याचं व्याज २,५०० रुपये होतं, आणि तेवढं अर्धवेळ पगारातून निघतं. शिक्षणाच्या काळात व्याज वेळेवर भरणाऱ्याला अनेक बँका दरात १ टक्का सूट देतात. कर्ज घेतानाच त्याबद्दल विचारून घ्या.

काम बारावीच्या परीक्षेनंतर लगेच धरा

बहुतेक मुली कॉलेज सुरू झाल्यावर काम शोधतात. तोपर्यंत पहिली फी घरून किंवा उसनवारीने भरून झालेली असते आणि पहिले सहा महिने ती फेडण्यातच जातात. बारावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते. उच्च शिक्षण विभागाचे ई-प्रवेश उन्हाळ्यात सुरू होतात आणि वर्ग जुलैच्या आगेमागे भरतात. मधले तीन महिने पूर्णवेळ काम करता येतं, आणि बाजाराला तेव्हाच हात कमी पडतात. एप्रिल ते जून लग्नसराई, त्यामुळे साड्या-लेहंग्यांच्या दुकानांत माणसं हवी असतात. एप्रिलमध्ये शाळांचं नवं सत्र लागतं आणि जूनमध्ये शाळा पुन्हा उघडतात, त्यामुळे खजुरी बाजारातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांवर झुंबड असते.

या तीन महिन्यांत पहिल्या वर्षाची प्रवेश फी उभी राहते. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. मालकाने तुमचं काम पाहिलेलं असतं, म्हणून जुलैत "आता मी चारच तास येईन" म्हणता येतं. अनोळखी मुलीला अर्धवेळ ठेवायला दुकानदार कचरतो, शिकलेला हात मात्र त्याला सोडवत नाही.

दुकान निवडताना दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा

प्रत्येक धंद्याचा स्वतःचा हंगाम असतो. तुमच्या परीक्षा आणि त्या दुकानाचा हंगाम एकाच महिन्यात आले, तर कितीही चांगला मालक असला तरी ओढाताण होणारच.

साडी आणि तयार कपड्यांचं दुकान (शीतलामाता बाजार, राजवाडा, आणि घाऊक खरेदीसाठी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट) दिवाळीआधीचा महिना आणि दोन्ही लग्नसराईंत कामाने भरलेलं असतं. सेमेस्टर पद्धतीत नोव्हेंबर-डिसेंबरची परीक्षा आणि वार्षिक पद्धतीत एप्रिल-मेची परीक्षा, दोन्ही याच काळात येऊ शकतात. पगार इथे बरा आणि विक्रीवर वरची रक्कमही मिळते, पण परीक्षेच्या सुट्टीची बोलणी सगळ्यांत कडक करावी लागते.

वह्या-पुस्तकांच्या दुकानाची गर्दी एप्रिल आणि जून-जुलैत असते, परीक्षांच्या ऐन दिवसांत कमी. अभ्यासक्रमाची पुस्तकं सवलतीत किंवा वाचून परत करण्याच्या बोलीवर मिळतात, हा पगाराबाहेरचा लाभ. पहिल्यांदा काम करणाऱ्या मुलीला आम्ही आधी हेच दुकान सुचवू.

भंवरकुआँच्या कोचिंग भागातलं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान दिसायला सोयीचं, कारण कॉलेजजवळ. पण विद्यार्थ्यांची परीक्षा हाच त्याचा हंगाम, आणि त्या विद्यार्थ्यांत तुम्हीही असता. मिठाई-नमकीनचं दुकान राखीपासून दिवाळीपर्यंत भरलेलं असतं, मग सैल पडतं. मार्चनंतर परीक्षा असणाऱ्या मुलीला ते चालतं. मॉलमधल्या शोरूमला पगार, पीएफ, लेखी नेमणूक असं व्यवस्थित असतं. पण तिथे शनिवार-रविवारी सुट्टी मागता येत नाही, शिफ्ट रात्री उशिरा सुटते आणि अर्धवेळ जागा थोड्या असतात.

औषधांच्या दुकानाबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फार्मसी अधिनियम १९४८ प्रमाणे प्रिस्क्रिप्शनवर औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला किंवा त्याच्या समक्ष देखरेखीतच आहे. फार्मासिस्ट हजर नसताना "पाकिटावर नाव वाचून दे" असं सांगितलं, तर तिथे थांबू नका. बिल करणं, माल मांडणं, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी काढणं एवढंच काम घ्या.

दुकान पाहायला जाल तेव्हा संध्याकाळी सातच्या सुमारास जा. काउंटरवर आधीपासून बायका-मुली काम करतात का, स्टूल आहे का, दुकान आतून बंद होतं तेव्हा किती वाजतात, हे आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या. आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला संकोचू नका. राजवाड्याभोवतीच्या जुन्या, अरुंद दुकानांत ते बहुधा नसतंच. मग जवळचं नगर निगमचं स्वच्छतागृह किती मिनिटांवर आहे आणि तिथे जायला कुणी हरकत घेत नाही ना, हे ठरवून घ्या. सोय नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि महिन्या-दोन महिन्यांत लघवीच्या जळजळीने आजारी पडतात. काम सुटण्याचं हे एक मोठं कारण आहे, जरी ते कुणी मोठ्याने बोलत नाही.

तासाचा खरा दर काढा

मालक महिन्याचा आकडा सांगतो. तुम्ही तो तासावर आणा, आणि त्यात जाण्यायेण्याचा वेळही धरा.

समजा राजवाड्यावरचं एक दुकान चार तासांचे ६,००० देतं. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४ तास. घरून तिथे पोचायला बस आणि चालणं मिळून ४० मिनिटं, म्हणजे महिन्याचे आणखी सुमारे ३५ तास. भाडं दिवसाला ३० रुपये, महिन्याला ७८०. हातात ५,२२० आणि गेले १३९ तास, म्हणजे तासाला साधारण साडेसदतीस रुपये. दुसरं दुकान घरापासून दहा मिनिटं चालत, पगार ५,२००. तिथे एकूण तास ११३ आणि भाडं शून्य, म्हणजे तासाला सेहेचाळीस रुपये. आठशे रुपये कमी देणारं दुकान प्रत्यक्षात जास्त देतं, शिवाय महिन्याचे २६ तास अभ्यासाला उरतात.

खालची मर्यादाही माहीत हवी. मध्य प्रदेशात दुकानांतल्या कामगारांना किमान वेतन लागू आहे आणि त्यातला महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. श्रम विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर मिळतो. अकुशल कामगाराचा मासिक आकडा घ्या, २६ ने भागा, आला तो दिवसाचा दर. तो ८ ने भागला की तासाचा. मासिक दर १२,००० असेल तर तासाचे सुमारे ५८ रुपये, चार तासांच्या महिन्याचे ६,०००. "अर्धवेळ आहेस, म्हणून तिसरा हिस्सा" हे गणित बरोबर नाही. अर्ध्या वेळेला निदान अर्धा पगार. कुणी कमी सांगत असेल तर वाद न घालता हा भागाकार कागदावर मांडून दाखवा. बरेच दुकानदार तेवढ्याने सरळ बोलू लागतात.

किती तास? आठवड्याला २० ते २४. चार तास आणि सहा दिवस ही मर्यादा गाठली की त्यापुढचा प्रत्येक तास झोपेतून किंवा हजेरीतून निघतो. बहुतेक कॉलेजांत ७५ टक्के हजेरी लागते. ती कमी पडली तर परीक्षा फॉर्म अडकतो, शिष्यवृत्ती अडते, आणि महिनाभर जास्त उभं राहून मिळवलेले हजार रुपये एका फटक्यात महाग पडतात.

बोलणी: काय ठरवायचं आणि कसं लिहून घ्यायचं

छोट्या दुकानात नेमणूकपत्र देत नाहीत. म्हणून ठरलेलं बोलणं त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मालकाला पाठवा आणि "ठीक है" असं उत्तर येऊ द्या. पुढे वाद झाला तर हाच कागद. मजकुरात एवढं यायला हवं: कामाची वेळ, सुटण्याची वेळ, महिन्याचा पगार, पगाराची तारीख, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, परीक्षेच्या काळात किती दिवस बिनपगारी सुट्टी आणि ती किती दिवस आधी कळवायची, सणाच्या दिवसांत जास्त थांबलं तर त्याचे पैसे कसे.

सुटण्याची वेळ वेगळी लिहा, "चार ते आठ" एवढ्याने भागत नाही. आठ वाजता शटरजवळ गिऱ्हाईक आलं की नऊ होतात. "आठला काउंटर सोडणार, त्यानंतरचं गिऱ्हाईक दुसरं कुणी पाहील" असं स्पष्ट हवं. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (चित्ररथांची मिरवणूक) आणि रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) या दिवशी राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी येणं-जाणं कसं, तेही आधीच विचारा.

पगाराची तारीख ठरवताना कारण सांगितलं की मालक ऐकतो. इथल्या बोलीत सरळ म्हणा, "सेठजी, पाँच तारीख तक पगार मिल जाए तो फीस समय पर भर दूँगी." कायद्याने महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. पगार रोखीने न घेता खात्यात घ्या. शिष्यवृत्ती, कर्ज, पुढची नोकरी, सगळीकडे तोच पुरावा लागतो.

मूळ मार्कशीट किंवा मूळ आधार कुणाकडेही ठेवायला देऊ नका. हे कलम पाळाच. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर आडवं लिहा, "फक्त दुकानातील नोंदीसाठी", खाली तारीख आणि सही. आधारची पहिली आठ अंक झाकलेली प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येते. नोंदीसाठी ती पुरते.

परीक्षेच्या सुट्टीचा खरा तोडगा म्हणजे जोडी. मालकाला दिवसभर काउंटर भरलेला हवा असतो, तुम्हाला अर्धाच दिवस हवा असतो. वेगळ्या शाखेची, वेगळ्या वेळापत्रकाची मैत्रीण घ्या आणि दोघी मिळून एक जागा मागा: एकीची सकाळ, दुसरीची संध्याकाळ. एकीचं बी.कॉम. आणि दुसरीचं बी.एससी. असेल तर परीक्षेचे पेपर क्वचितच एकाच दिवशी येतात, आणि गरजेला दुसरी पूर्ण दिवस उभी राहते. मालकाला खाडा दिसत नाही. ज्या दिवशी एकीने दुसरीचे तास केले त्या दिवसाचे पैसे दुसरीने द्यायचे की मालकाने वेगळे लिहायचे, एवढं मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्या, नाहीतर मैत्री दुखावते.

काउंटरवर काय शिकायचं

पहिल्या आठवड्यात विक्रीपेक्षा माल कुठे काय आहे ते शिका. साडीच्या दुकानात साडीची लांबी साडेपाच मीटर आणि ब्लाऊजपीससकट ६.३० मीटर, कापडाचा पन्हा (रुंदी) ३६, ४४ की ५८ इंच, हे तोंडावर हवं. चौकशी करणारी बाई पन्ह्यावरूनच किती कापड लागेल ते विचारते. साडी उघडताना आधी पदर दाखवा. पुढची साडी काढण्याआधी मागची निदान काठाला काठ जुळवून दुमडा. ढीग साठला की घाईत चुरगळलेली घडी पडते आणि जरीची साडी त्याच रेषेवर काळी पडते किंवा चिरते. परत आलेली साडी कपाटात ठेवण्याआधी पदर आणि काठ उजेडात धरून पाहा. डाग आधीचा होता की तुमच्या हातून लागला, हा वाद तिथेच मिटतो.

गल्ला हाती आला की जबाबदारी वाढते, आणि मुलींचा पगार कापला जाण्याचं पहिलं कारणही गल्लाच. म्हणून बसण्याआधी सुरुवातीची रोकड नोटांप्रमाणे मोजून चिठ्ठीवर लिहा आणि देणाऱ्याची सही घ्या. उठताना हिशोब असा: सुरुवातीची रोकड, अधिक रोखीची विक्री, वजा खर्च, वजा मालकाने नेलेली रक्कम. सुरुवातीला २,०००, विक्री १४,३५०, चहा-हमालीला ३००, मालकाने नेले १०,०००, तर गल्ल्यात ६,०५० हवेत. फरक निघाला आणि तो ९ ने निःशेष भागला जात असेल, तर बहुतेक वेळा आकडे उलटे लिहिलेले असतात, जसं ५४० च्या जागी ४५०. आधी बिलबुकात ती चूक शोधा. मग नोटा पुन्हा मोजा.

गिऱ्हाइकाने दिलेली ५०० ची नोट सुट्टे परत देईपर्यंत गल्ल्यात टाकू नका, काउंटरवर वजनाखाली ठेवा. "मी पाचशे दिले होते" आणि "तुम्ही दोनशे दिले" हे भांडण मग होतच नाही. यूपीआयचं पेमेंट गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पाहून कधीच मान्य करू नका. दुकानाच्या मोबाइलवर रक्कम आली किंवा स्पीकरने आकडा बोलला, तरच माल द्या. गर्दीत स्पीकर ऐकू येत नसेल तर दुकानाच्या ॲपमध्ये पाहा. रोज सकाळी काउंटरवरचा क्यूआर आपलाच आहे ना, हे एक रुपया पाठवून तपासलं तर वरून चिकटवलेला दुसरा कोड लगेच पकडला जातो. कुणी "पैसे परत पाठवतो, पिन टाका" म्हणालं तर तो फसवतो आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पायांची काळजी घ्या. चार तास उभं राहायचं तर टाच उंच नको, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्या, हे मागण्यात काही कमीपणा नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलं आहे.

वाणिज्य शाखेच्या मुलीने तीन महिन्यांनी मुनीमजींजवळ बसायला मागावं. खरेदीची बिलं चढवणं, जीएसटीचा दर आणि एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) पाहणं, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणं हे तिथे हातोहात शिकता येतं, आणि पगारही काउंटरपेक्षा वर जातो.

पगार आला त्याच दिवशी

फीसाठी वेगळं बचत खातं ठेवा, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि ज्याचं कार्ड घरी कपाटात आहे. पगार जमा झाला त्याच दिवशी ठरलेली रक्कम, वरच्या उदाहरणात ३,१००, त्यात वळती करा. आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) लावायची असेल तर बँकेची लावा. पोस्टाची आरडी ५ वर्षांची असते आणि ३ वर्षं होईपर्यंत मुदतीआधी मोडता येत नाही, म्हणून फीच्या पैशासाठी ती उपयोगाची नाही. बँकांत ६ ते १२ महिन्यांची मिळते. मुदत फीच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी संपेल अशी लावा.

उचल घेण्याची सवय लावू नका. दिवाळीत घेतलेली ५,००० ची उचल पुढचे तीन महिने पगारातून कापली जाते आणि नेमका परीक्षा फॉर्म त्या तीन महिन्यांत येतो. घरातून पैशाची मागणी आली, तर आई-बाबांना ती बारा महिन्यांची वही दाखवा. कोणत्या महिन्यात किती देता येईल हे त्यांनाही दिसतं, आणि फीला हात लावण्याची वेळ येत नाही.

शिष्यवृत्ती सोडू नका

नोकरी लागली म्हणून अनेक मुली शिष्यवृत्तीचा अर्जच करत नाहीत. त्यात थेट नुकसान आहे. गावातून बारावी पहिल्या श्रेणीत झालेल्या मुलींना 'गाँव की बेटी' योजनेत, आणि शहरातल्या दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या पहिल्या श्रेणीच्या मुलींना 'प्रतिभा किरण' योजनेत, साधारण अभ्यासक्रमासाठी महिना ५०० रुपये असे दहा महिने मिळतात. एम.पी. बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के असतील तर मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत फीच शासन भरतं. कौटुंबिक उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या पोर्टलवर पाहून घ्या.

अर्ज अडतो तो तीन ठिकाणी. समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा कुटुंब-सदस्य ओळख क्रमांक), आधार आणि मार्कशीट यांत नावाचं स्पेलिंग वेगळं असतं. मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. आणि नोकरीसाठी नवं खातं उघडताना बँक आधारची जोडणी त्या नव्या खात्यावर वळवते, मग शिष्यवृत्ती तिकडे जाते आणि मुलगी जुन्या पासबुकात शोधत बसते. नवं खातं उघडताना फॉर्मवरची आधार जोडणीची खूण नीट वाचून मगच सही करा.

अडचण आली तर

पगारातून "माल कमी निघाला" म्हणून सरसकट कापणं बेकायदेशीर आहे. नुकसान तुमच्याच निष्काळजीपणाने झालं असेल आणि तुम्हाला आपली बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच ते वसूल करता येतं. पगार अडवला तर आधी तारखेसह व्हॉट्सॲपवर मागणी करा. आठवडा गेला तर श्रम कार्यालयात लेखी अर्ज द्या. मध्य प्रदेशचं श्रमायुक्त कार्यालय इंदुरातच आहे. मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वरही तक्रार नोंदवता येते. अर्जासोबत लागतात ते ठरलेल्या बोलण्याचा मेसेज, खात्यातल्या आधीच्या पगारांच्या नोंदी आणि हजेरीची स्वतःची नोंद. म्हणून येण्याजाण्याची वेळ रोज एका डायरीत लिहीत जा. एक ओळ पुरते.

मालक, सहकारी किंवा गिऱ्हाईक अंगचटीला येत असेल, अश्लील बोलत असेल, रात्री मेसेज करत असेल, तर ते सहन करण्याची गोष्ट नाही आणि त्यात तुमचा काही दोष नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानात अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान दुकान असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. मेसेज पुसू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि घरी किंवा मैत्रिणीला त्याच दिवशी सांगा. तातडीला ११२ किंवा महिला हेल्पलाइन १०९०.

नोकरी सोडताना

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी किंवा चांगलं काम मिळालं म्हणून सोडायचं असेल, तर महिनाभर आधी सांगा आणि शक्य तर दिवाळीचे दिवस किंवा लग्नसराईचा भर टाळा. गल्ला, किल्ल्या आणि स्टॉकची वही मोजून द्या आणि मिळाल्याची सही घ्या. राहिलेला पगार नव्या वेतन संहितेप्रमाणे सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. दुकानाच्या लेटरहेडवर अनुभवपत्र मागा. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या: काम सुरू केल्याची आणि सोडल्याची तारीख, रोजचे तास, आणि प्रत्यक्ष केलेली कामं, म्हणजे बिलिंग, रोकड, स्टॉक, टॅली. खाली मालकाची सही, शिक्का आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक घ्या.